दक्षिण ध्रुवाचा उणा वसंत

ओझोनच्या थराला पडलेल्या भगदाडाची एक गोष्ट गेली चाळीस वर्षे सांगितली जाते. अमेरिकेचा महागडा उपग्रह पृथ्वीभोवती रोज चौदा फेऱ्या मारत होता, अंटार्क्टिकावरचा ओझोन घटत चालल्याचे आकडे खाली पाठवत होता, आणि खालचा संगणक ‘असे असूच शकत नाही’ म्हणून ते आकडे केराच्या टोपलीत टाकत होता. इकडे ब्रिटनच्या तीन संशोधकांनी १९२० च्या दशकातल्या कल्पनेवर बांधलेल्या एका पेटीवजा यंत्राने तीच घट पकडली आणि मे १९८५ मध्ये जगाला सांगितली. या गोष्टीत आपल्याला आवडणारे सगळे आहे: श्रीमंताची फजिती, गरिबाची चिकाटी, यंत्रावर माणसाची मात. अडचण एवढीच की तिच्यातला मधला भाग खरा नाही. उपग्रहाने आकडे टाकून दिले नव्हते आणि त्याचे संशोधकही झोपलेले नव्हते. खरा पेच निराळाच होता. ध्रुवावरचा ओझोन ऋतूप्रमाणे बदलतो, आणि ऋतूत बिघाड झाला आहे हे एका वर्षाच्या नोंदीवरून कधीच सांगता येत नाही. आपल्याकडे मृगाचा पाऊस कमी पडला हे म्हणायलाही आधी मृगात किती पडतो हे ठाऊक असावे लागते. दुष्काळ सरासरीवरून ठरतो, एका कोरड्या आठवड्यावरून नव्हे. ध्रुवीय ओझोनच्या अभ्यासाचा इतिहास म्हणजे असे एक ऋतुमान बसवत जाण्याचा इतिहास आहे. त्यात जमिनीवरच्या यंत्राने काळाची लांबी दिली आणि उपग्रहाने प्रदेशाची रुंदी. एकाने दुसऱ्याला हरवले, हा निष्कर्ष पुराव्यात बसत नाही.

या ऋतुमानाची सुरुवात ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांच्यापासून करावी लागते. ओझोन अतिनील किरण शोषतो, पण सगळ्या तरंगलांबीचे सारखेच शोषत नाही. सूर्यप्रकाशातल्या दोन जवळजवळच्या तरंगलांबी निवडायच्या, एक ओझोन भरपूर गिळतो ती आणि दुसरी तो फारशी गिळत नाही ती. दोहोंच्या तीव्रतेचे गुणोत्तर काढले की डोक्यावर एकूण किती ओझोन आहे ते कळते. याच तत्त्वावर डॉब्सन यांनी यंत्र केले आणि मोजमापाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. ३०० डॉब्सन एकके म्हणजे हवेच्या सबंध उंचीत पसरलेला ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणून एकत्र केला तर होणारा तीन मिलिमीटरचा थर. रुपयाची दोन नाणी एकमेकांवर ठेवावीत, साधारण तेवढा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस डॉब्सन यांनी आपली यंत्रे दूरदूरच्या ठिकाणी पाठवली, त्यांत आपले कोडाईकनालही होते. त्या नोंदींतून दिसले की विषुववृत्ताजवळ ओझोन वर्षभर कमी आणि जवळपास स्थिर असतो, तर उत्तरेच्या वरच्या अक्षांशांवर तो वसंतात शिगेला पोचतो आणि शरदात उतरतो. याच परंपरेत आपल्याकडे के. आर. रामनाथन यांनी ओझोनच्या उभ्या मांडणीवर मोलाचे काम केले आणि पुढे आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षपदही भूषवले. थोडक्यात, उपग्रह येण्याच्या कितीतरी आधी एक गोष्ट पक्की झाली होती: ओझोनचा आकडा महिना आणि अक्षांश सांगितल्याशिवाय निरर्थक असतो.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या तयारीत ब्रिटनने अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर, तरंगत्या हिमकड्यावर, हॅली बे हे ठाणे उभारले आणि १९५६ मध्ये तिथे डॉब्सनचे यंत्र लागले. मीटरभराहून लांब असलेल्या या धातूच्या पेटीशी निरीक्षकाचे काम वरकरणी सोपे असे. वरच्या भिंगातून सूर्याचा प्रकाश आत घ्यायचा, एक तबकडी हळूहळू फिरवायची, आणि दोन तरंगलांबींचा प्रकाश सारखा होऊन काटा शून्यावर आला की तबकडीवरचा आकडा वहीत उतरवायचा. पण पंच्याहत्तर अक्षांशावर हिवाळ्यात सूर्य महिनोन्‌महिने क्षितिजाखाली असतो. ऑगस्टच्या मध्यास तो परतला तरी इतका खाली रेंगाळतो की मोजणीत चूक व्हायला भरपूर वाव. म्हणून पहिल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरचे आकडे ऑक्सफर्डला पोचले तेव्हा डॉब्सन यांना शंका आली ती यंत्राची. उत्तरेतल्या स्पिट्सबर्गनच्या नोंदी सहा महिने पुढे सरकवून त्यांनी दक्षिणेचा अंदाज बांधला होता. हॅलीचे आकडे त्याहून सुमारे दीडशे एककांनी खाली होते. मग नोव्हेंबरात ओझोन एकाएकी उसळून अपेक्षेच्या पातळीवर गेला. पुढच्या वर्षी तोच क्रम पुन्हा घडला तेव्हा डॉब्सन यांनी मान्य केले की यंत्र बरोबर आहे, अंदाज चुकला होता. दक्षिणेचा वसंत उत्तरेसारखा नाही. तिथे हिवाळ्यातला वाऱ्यांचा भोवरा अधिक घट्ट असतो, तो बाहेरच्या ओझोनयुक्त हवेला आत येऊ देत नाही, आणि नोव्हेंबरात भोवरा फुटला की ती हवा लोंढ्यासारखी आत शिरते.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो फेटाळण्याआधी नीट ऐकून घेतला पाहिजे. भगदाड डॉब्सन यांनी १९५६ मध्येच पाहिले होते, तर त्याचा दोष फ्रिजमधल्या आणि स्प्रेच्या डब्यांतल्या वायूंना कसा द्यायचा? त्या काळी ते वायू हवेत फारच थोडे होते. उत्तर आकड्यांतच आहे. उत्तरेपेक्षा दीडशे एकके कमी म्हणजे सुमारे ३००. ही दक्षिणेची नैसर्गिक पातळी होती आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हॅलीच्या ऑक्टोबर सरासरीने ती बऱ्याच अंशी धरून ठेवली. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये ती सरासरी २०० च्या खाली गेली होती. दुसरा दाखला फ्रान्सच्या द्यूमाँ द्यूरव्हील ठाण्याचा दिला जातो. १९५८ मध्ये तिथे ओझोन फारच खाली गेल्याचा दावा १९९० मध्ये करण्यात आला. पण त्या मोजण्या डॉब्सन यंत्राच्या नव्हत्या, रात्रीच्या अंधुक प्रकाशात छायापट्ट्यांवर घेतलेल्या होत्या, आणि त्याच वर्षीच्या इतर ठाण्यांच्या नोंदींशी त्या जुळत नाहीत. म्हणजे नैसर्गिक तूट खरी आणि मानवनिर्मित तूटही खरी. दुसरी पहिलीच्या डोक्यावर चढून बसली. त्या वेगळ्या काढता आल्या याचे श्रेय वीस वर्षे न चुकता भरलेल्या वहीला आहे. ती वही १९७५ मध्ये सुरू झाली असती, तर ढासळता ऑक्टोबर हाच दक्षिणेचा स्वभाव वाटला असता. ‘भगदाड’ हा शब्दही त्या अंगाने फसवा आहे. विरलेल्या धोतराला कोणी भोक म्हणत नाही. इथेही थर फाटलेला नसतो, विरलेला असतो, आणि मूळचा पोत ठाऊक असल्याशिवाय वीण विरली हे कळत नाही. २२० एककांच्या खालच्या प्रदेशाला भगदाड म्हणायचे ठरले तेही याच तर्काने, कारण १९७९ पूर्वीच्या अंटार्क्टिकाच्या नोंदींत इतके कमी आकडे आढळत नव्हते.

आता उपग्रहाकडे वळू. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी सुटलेल्या निम्बस-७ वर ‘टॉम्स’ नावाचे उपकरण होते. डॉब्सनचे यंत्र खालून वर बघते, टॉम्स वरून खाली बघत असे; हवेने आणि ढगांनी परतवलेल्या अतिनील प्रकाशातल्या निरनिराळ्या तरंगलांबींची तुलना करून ते एकूण ओझोन काढी. तत्त्व तेच, पण हॅलीचा निरीक्षक दिवसाकाठी मोजके आकडे लिही, तर टॉम्स सुमारे दोन लाख. एवढ्या राशीतून चुकीचे आकडे वेगळे काढण्यासाठी १८० एककांच्या खालच्या मोजणीवर संशयाची खूण करण्याची सोय होती. खूण म्हणजे हकालपट्टी नव्हे. आकडे जपून ठेवले जात. १९८४ मध्ये ऑक्टोबर १९८३ ची माहिती तपासताना अमेरिकेच्या गोडार्ड केंद्रातल्या चमूला अंटार्क्टिकावर अशा खुणांची दाटी दिसली. त्यांनी शहाण्या माणसाने करावे तेच केले, जमिनीवरचा पुरावा शोधला. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी ठाण्याची डॉब्सन नोंद हाताशी होती आणि ती ३०० च्या आसपास सांगत होती. उपग्रह चुकतो आहे असे वाटणे स्वाभाविक होते. नंतर उलगडले की त्या ठाण्यावर मोजणीसाठी तरंगलांबीच चुकीची धरली गेली होती. तरीही पी. के. भार्तिया आणि सहकाऱ्यांनी ही माहिती ऑगस्ट १९८५ च्या प्रागमधल्या परिषदेत मांडण्याची तयारी केली होती. तोवर ब्रिटिशांचा लेख छापून झाला होता. तिकडे केंब्रिजमध्ये हॅलीच्या नोंदी सांभाळणारे ज्यो फार्मनही काही वर्षे थांबले होते, आणि त्यांच्या थांबण्याचे एक कारण असे की एवढी घट खरी असती तर उपग्रहाला दिसलीच असती. ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांच्यासह त्यांनी नवे यंत्र आणून पडताळा घेतला, दुसऱ्या ठाण्याची नोंद ताडून पाहिली, मगच लिहिले. हॅलीवाले उपग्रहाच्या मौनामुळे अडले आणि उपग्रहवाले एका ठाण्याच्या चुकीमुळे. जपानच्या स्योवा ठाण्यावर शिगेरू चुबाची यांनी १९८२ च्या वसंतात कमी ओझोन मोजला होता आणि १९८४ मध्ये ग्रीसमधल्या परिषदेत मांडलाही होता. पण एका वर्षाच्या नोंदीवरून त्याचा अर्थ लावणे कोणालाच जमले नाही. तिन्ही ठिकाणी उणीव होती ती नजरेची नव्हे, तुलनेची.

मग उपग्रहाने काय केले? त्याने घटनेला आकार दिला. हॅलीची वही एका बिंदूची होती. ती घट एका किनाऱ्यापुरती आहे की सबंध खंडाची, हे वही सांगू शकत नव्हती. १९८६ मध्ये रिचर्ड स्टोलार्स्की आणि सहकाऱ्यांनी टॉम्सचे नकाशे प्रसिद्ध केले तेव्हा घटीचा प्रदेश अंटार्क्टिकाएवढा पसरलेला आणि भोवऱ्याच्या कडेशी नेमका जुळलेला दिसला. ते नकाशे क्रमाने पाहिले तर ऋतू डोळ्यांसमोर उलगडतो. ऑगस्टमध्ये मधोमध काळा गोल असतो, कारण टॉम्सला प्रकाश लागे आणि ध्रुवावर रात्र असते. सप्टेंबरात तो गोल आकसत जातो आणि त्याच्या कडेने ओझोन उतरू लागतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तळ गाठला जातो, नोव्हेंबरात सारे विस्कटते. याच निम्बस-७ वर सॅम-२ नावाचे दुसरे उपकरण होते. त्याने ध्रुवीय हिवाळ्यात वीसेक किलोमीटर उंचीवर ढग टिपले होते आणि १९८२ मध्येच त्यांची नोंद झाली होती. म्हणजे रोग आणि त्याचे कारण, दोन्ही एकाच उपग्रहावरून दिसत होते. त्यांना जोडणारा धागा मात्र कोणाच्या हाती नव्हता. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी फ्रिज आणि स्प्रेतल्या त्याच वायूंचा, क्लोरोफ्लुरोकार्बनचा, धोका सांगितला होता, पण त्यांच्या गणितानुसार नुकसान चाळीस किलोमीटरच्या आसपास आणि सावकाश व्हायला हवे होते. इथे ते खूप खाली आणि झपाट्याने होत होते.

म्हणून पुढची दोन वर्षे वाद रंगला. कोणी म्हणे, खालची कमी ओझोनची हवा वर उचलली जाते. कोणी सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राकडे बोट दाखवी. सुसन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी ढगांची बाजू मांडली: उणे ७८ अंशांखाली बनणाऱ्या ढगांच्या कणांवर क्लोरोफ्लुरोकार्बनमधून आलेला निद्रिस्त क्लोरीन सक्रिय रूपात सुटतो आणि सूर्य उगवताच ओझोन खाऊ लागतो. निर्णय लागला तो हवेतच जाऊन. १९८६ मध्ये मॅकमर्डो ठाण्यावरच्या मोहिमेने आणि १९८७ मध्ये चिलीच्या पुंता अरेनासहून उडालेल्या ईआर-२ विमानाने भोवऱ्यातली हवा तपासली. सप्टेंबरच्या मध्यावरच्या उड्डाणात जेम्स अँडरसन यांच्या उपकरणाला भोवऱ्यात शिरताच क्लोरीन मोनॉक्साइड चढलेला आणि ओझोन नेमका तिथेच पडलेला दिसला. एक रेघ वर जाते तिथे दुसरी खाली येते, जणू आरशात. हे वायू कमी करण्याचा माँट्रियलचा करार याच सुमारास, १६ सप्टेंबर १९८७ रोजी झाला. म्हणजे हा अखेरचा पुरावा छापून येण्याआधी. इथे टीकाकार विचारतात, पुरावा अपुरा असताना एवढा मोठा निर्णय घेणे घाईचे नव्हते काय? मला तसे वाटत नाही. सह्या करणाऱ्यांसमोर यंत्रणेचा शेवटचा दुवा नव्हता, पण मोलिना-रोलंड यांचा इशारा होता, तीस वर्षांची नोंद होती आणि खंडाएवढा नकाशा होता. शिवाय करारात दुरुस्तीची सोय होती. १९९० च्या लंडन दुरुस्तीने ती वापरलीही. भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला.

दुसरा आक्षेप आजचा आहे. आता आकाशात इतकी उपकरणे आहेत, मग जमिनीवरची ठाणी कशाला पोसायची? याचे उत्तर निम्बस-७ नेच देऊन ठेवले आहे. त्याच्यावरच्या एसबीयूव्ही उपकरणात सूर्यप्रकाश घेण्यासाठी एक पत्रा होता. वर्षानुवर्षे उन्हात राहून तो काळवंडला आणि ओझोन प्रत्यक्षापेक्षा खूपच वेगाने घटत असल्याचा भास झाला. १९८८ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने तो भास जगभरच्या डॉब्सन यंत्रांशी ताडून दुरुस्त केला. दक्षिण ध्रुवावर ठाणे चुकले होते, इथे उपग्रह चुकला. दोघे एकमेकांचे पंच आहेत. नोंदीत पडणाऱ्या खंडाचा प्रश्नही तसाच. निम्बसचे टॉम्स मे १९९३ मध्ये थांबले, रशियन मेटेओर-३ वरचे डिसेंबर १९९४ मध्ये, आणि पुढचे जुलै १९९६ पर्यंत सुटले नाही. म्हणून टॉम्सच्या मालिकेत १९९५ चा वसंत कोराच आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. २००४ च्या ऑरा उपग्रहावरचे मायक्रोवेव्ह उपकरण हवेच्याच उत्सर्जनावर चालते, त्यामुळे ध्रुवीय रात्रीत क्लोरीन कसा सुटा होतो हे ते पाहू शकते. कोणत्याही ठाण्याला सबंध खंडावर ते साधले नसते. तरीही फुग्याला बांधून सोडलेला ओझोनसोंड किलोमीटर-किलोमीटरने जो उभा छेद देतो, त्याची बारकाई वेगळीच. या कामात आपलाही वाटा आहे. पुण्यात हवामान विभागाने बनवलेले ओझोनसोंड अंटार्क्टिकातल्या मैत्री ठाण्यावरून सोडले गेले आहेत, आणि आज भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांची आखणी गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय केंद्रातून होते.

ऋतूचे महत्त्व सर्वांत ठसठशीतपणे दिसले ते जखम भरू लागल्यावर. ९ सप्टेंबर २००० रोजी भगदाड सुमारे २९९ लाख चौरस किलोमीटर होते, भारताच्या नऊपट. त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर २००२ मध्ये, दक्षिणेत पूर्वी न नोंदलेली अचानक उष्णता आली आणि ते फाटून दोन तुकडे झाले. २०१५ मध्ये ते पुन्हा फुगले, २०१९ मध्ये फारच लहान राहिले, २०२० मध्ये डिसेंबरच्या अखेरपर्यंत रेंगाळले. एवढ्या हेलकाव्यांत ‘ओझोन सुधारतो आहे’ हा दावा म्हणजे इच्छेला दिलेले आकड्यांचे रूप, असे कोणी म्हटले तर त्याला उडवून लावता येत नाही. एकेका वर्षाच्या क्षेत्रफळावरून सुधारणा खरेच सिद्ध होत नाही. २०१९ चे लहान भगदाड हवामानाची कृपा होती. पण २०१६ मध्ये सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. ऑक्टोबरात खालच्या थरातला ओझोन जवळजवळ संपलेला असतो, त्यामुळे क्लोरीन थोडा कमी झाला तरी फरक दिसत नाही, आणि भोवऱ्याच्या लहरीही त्या महिन्यात जास्त. सप्टेंबरात मात्र नाश चालू असतो, आणि त्याचा वेग क्लोरीनवर अवलंबून असतो. त्यांनी सप्टेंबरचे आकडे घेतले, २०१५ ची वाढ चिलीतल्या कालबुको ज्वालामुखीच्या धुळीच्या खाती टाकली, आणि दाखवले की २००० पासून सप्टेंबरमधले भगदाड सुमारे ४० लाख चौरस किलोमीटरने आकसले आहे. आजार ऑक्टोबरात सापडला, उतार सप्टेंबरात. कोणत्या महिन्याकडे पाहायचे हे कळायला तीस वर्षे गेली, आणि ते कळले ते उपग्रहांची मालिका व ठाण्यांच्या वह्या एकत्र वाचल्यामुळे.

जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२२ चा अहवाल सांगतो की सध्याची बंधने पाळली गेली तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. हॅलीच्या पहिल्या आकड्यापासून मोजले तर ही एकशे दहा वर्षांची नोंद होते. निम्बस-७ चे टॉम्स साडेचौदा वर्षे चालले, ऑरा विशी ओलांडून थकला आहे, आणि खुद्द हॅलीत हिमकड्याला गेलेल्या भेगांमुळे २०१७ पासून हिवाळ्यात माणसे राहत नाहीत, यंत्रेच काम करतात. एवढे आयुष्य कोणत्याच एका उपकरणाला लाभणार नाही. १९५६ चा आकडा २०६६ शी ताडता येईल तो मधला एकही वसंत कोरा राहिला नाही तरच.